आधी भुईआवळा, मग विष

एम.फार्म.ला माझा प्रोजेक्ट काविळीवर घरोघरी देतात त्या भुईआवळ्यावर होता, म्हणजे तो लिव्हरला वाचवतो का ते उंदरांवर बघायचं, आणि हे गावात कळल्यापासून पावसाळ्यात कुणाचे डोळे पिवळे दिसले की पहिला फोन मला. म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

आमच्याकडे भुईआवळा शोधावा लागत नाही. पाऊस लागला की परड्यात, गडग्याच्या कडेला, पाणंदीत, सगळीकडे. आवळ्यासारखी पानं आणि खालच्या बाजूला ओळीने बारीक हिरवी फळं. पण त्याची भावंडंही तशीच दिसतात, भुईआवळा म्हणून बहुधा घेतात त्या फायलँथस अमॅरसची फळं गुळगुळीत आणि छोट्या देठावर, त्याच्या भावंडाची, फायलँथस युरिनारियाची, खरखरीत आणि जवळपास बिनदेठाची, त्यामुळे आधी बॉटनीवाल्यांकडून झाड ओळखून घ्यायचं, हर्बेरियमला (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाला) नमुना द्यायचा, मगच पुढे. परड्यातून उपटून दुधात वाटताना एवढं कोण बघतं?

मग वाळवणं. सावलीत वाळवा म्हणे, जुलैत, कोकणात! पेपरवर पसरून पंखा लावला, सारखं वरखाली केलं तरी कडेने बुरशी धरायचीच. तो पाला सरळ फेकून द्यायचा, कारण काही बुरशींमधून येणारं अफ्लाटॉक्सिन हे स्वतःच लिव्हरचं जालीम विष आहे. घरी वाळवून डब्यात भरून ठेवणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्या.

प्रयोग असा असतो. पांढऱ्या विस्टार उंदरांचे गट करायचे. एका गटाला काहीच नाही, एकाला नुसतं विष, एकाला सिलिमरिन (लिव्हरचं औषध, तुलनेसाठी हेच ठरलेलं), बाकीच्यांना भुईआवळ्याचा अर्क कमी-जास्त डोसमध्ये. अर्क तोंडावाटे, टोकाला गोळी असलेल्या वाकड्या सुईने, आणि हात स्थिर नसला तर तो फुप्फुसात जातो. विष म्हणजे तेलात मिसळलेलं कार्बन टेट्राक्लोराइड. लिव्हर ते पचवायला जातं आणि त्यातूनच असे फ्री रॅडिकल बनतात की पेशींची आवरणं फुटतात, आतली एन्झाइम्स रक्तात येतात, म्हणजे रक्ततपासणीत एसजीपीटी, एसजीओटी हे आकडे वर. शेवटी लिव्हर काढून सलाइनमध्ये धुवायचं. निरोगी लिव्हर गडद तांबूस, चकचकीत. नुसत्या विषवाल्या गटातलं फिकट, पिवळसर, ठिपक्याठिपक्यांचं. भुईआवळ्याच्या गटातलं मधलंच कुठेतरी, पण बऱ्यापैकी तांबूस, आणि एसजीपीटीही कमी. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

पण क्रम बघा. उंदराला अर्क आधी सुरू केला, विष नंतर दिलं. आपल्याकडे माणूस औषधाला येतो तो डोळे पिवळे झाल्यावर! शिवाय त्याला कार्बन टेट्राक्लोराइडने कावीळ झालेली नसते, व्हायरसने झालेली असते. शेजारच्या काकींना हे समजावलं तर त्या म्हणाल्या, "अगो, माझी सासू दुधात वाटून देय, आठ दिसात डोळे साफ!" होणारच हो काकी, हिपॅटायटिस ए बहुतेकांचा आपणहूनच बरा होतो, काही दिलं तरी आणि नाही दिलं तरी. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणाऱ्यांचं दुकानही त्याच्यावरच चालतं.

माणसांवरही प्रयोग झालेत. हिपॅटायटिस बी चा व्हायरस शोधल्याबद्दल नोबेल मिळालेले ब्लुमबर्ग आणि मद्रासचे डॉक्टर यांनी 1988 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं की 30 दिवस भुईआवळा घेतलेल्या 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून व्हायरसचं अँटिजेन (व्हायरस अंगात असल्याची खूण) गेलं, खोट्या गोळीच्या गटात 23 पैकी एकाचंच. केवढी खळबळ! पण नंतर थायलंडमध्ये, न्यूझीलंडमध्ये करून बघितलं तर तसं काही आलं नाही. झाडाची जात, जमीन, अर्क काढायची पद्धत, कशामुळे ते भांडण अजून आहे, पण माझ्या मते जे दुसऱ्याच्या हातून येत नाही ते पेशंटला औषध म्हणून देऊ नये.

आणि झाडपाल्याने अपाय नाही हे तर बोलूच नका, कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे पिऊन लिव्हर सुजलेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलेत. ती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, यावरून आयुष मंत्रालयाने वाद घातला, म्हणजे परत झाड ओळखण्यापाशीच गाडी आली.

मला खरी भीती मात्र वेगळीच वाटते. आपल्याकडे लावणीच्या दिवसांत चिखलात राबलेल्या माणसाला ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होऊन मग पिवळे होतात, आणि घरचे कावीळ समजून पथ्य आणि पाला सुरू करतात. तो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार, असू शकतो. त्याला अँटिबायोटिक लागतं आणि ते लवकर लागतं, किडनीवर गेलं की धावपळ होते. तसंच गरोदर बाईला कावीळ दिसली तर एक दिवसही घरी ठेवू नका, हिपॅटायटिस ई तिच्या जिवावर बेततो. अशा वेळी मला फोन करत बसू नका, गाडी काढा आणि हॉस्पिटल गाठा.