तुमच्या वाचनालयात येतं तरी कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, बँकेत पासबुक भरून घेताना, मी वाचनालयात काम करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "आता येतं का हो तिथे कुणी?" आवाज असा, की अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी चाललीय. उत्तर ऐकायच्या आधीच मान हलायला लागते. मग मोबाईलला दोन शिव्या, थोडं 'आमच्या वेळी', आणि "येऊन जाईन हं एकदा" म्हणून विषय संपतो. असं म्हणणारे येत नाहीत. 21 वर्षांचा अनुभव आहे.

पूर्वी मी आकडे सांगायचे. वर्गणीदार इतके, बालविभाग इतका, महिन्याची देवघेव इतकी. त्याने विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं नाही आणि माझंही नाही, कारण देवघेव घटलीय हे रोज रजिस्टर लिहिताना मलाच दिसतं. आता मी सरळ सांगते, "मी येते." लोकांना वाटतं, बाई गंमत करतात.

आमच्या गावात वाचनालयापासून हाकेच्या अंतरावर एक समाजमंदिर आहे. गाव तालुक्याचं, त्यामुळे इमारत बऱ्यापैकी: फरशी, पंखे, बाहेर उद्घाटनाची संगमरवरी पाटी. आणि दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे हे विचारत दोन घरं फिरावी लागतात आणि दुसऱ्या घरी कळतं, की किल्लीवाला रानात गेलाय. बारसं, मतदान आणि पोलिओचा डोस, एवढ्यापुरतं ते उघडतं. आमची इमारत त्याच्यापुढे काहीच नाही. पावसाळ्यात चरित्रांच्या कपाटावर गळतं, म्हणून तिथे जूनपासूनच प्लॅस्टिक अंथरलेलं असतं. पण सोमवार सोडला तर ती रोज सकाळी आठला उघडते, आणि उघडणार हे गावाला माहीत असतं. कुणी बोलावलेलं नसताना, खिशात हात न घालता, तुम्ही कुणाचे आणि कोणत्या आळीतले हे न सांगता जाऊन बसावं, अशा जागा तुमच्या गावात किती आहेत ते एकदा मोजा. देऊळ म्हणाल, तर तिथेही कोण आलं नि कोण नाही याची नोंद असतेच, फक्त ती रजिस्टरात नसते.

मी पोचते तेव्हा पायरीवर मास्तर बसलेले असतात. शाळेतले नव्हेत, एसटीतले. कंडक्टरला मास्तर म्हणायची आपल्याकडे रीतच आहे, ती त्यांच्या निवृत्तीनंतरही चालू राहिली. पेपरवाल्याने टाकलेला गठ्ठा मांडीवर घेऊन त्यांनी अंक मोजलेले असतात. "सात. सगळे बसलेत, चला," म्हणतात. मी कुलूप काढते आणि पहिलं काम करते ते टाचण्यांचं. प्रत्येक अंकाच्या घडीला दोन टाचण्या, पुरवणीला वेगळी तिसरी. नाहीतर दहाच्या आत पुरवणी कुणाच्या तरी पिशवीतून घरी जाते. रविवारची तर फारच चंचल असते.

मग एकेक जण येतात. मोफत वाचनाच्या टेबलाला वर्गणी नाही, वहीत नाव लिहायचं आणि बसायचं. प्रत्येकाचं पान ठरलेलं. एक जण फक्त बाजारभाव वाचतात. कांदा, सोयाबीन, सगळं, ओठ हलवत. त्यांनी जमीन विकली त्याला आठ वर्षं झाली. शब्दकोड्यावरून पूर्वी रोज कटकट व्हायची, कारण सव्वाआठला येणारा ते पेनाने भरून मोकळा व्हायचा. 'शब्दकोडे सोडवू नये' अशी पाटी लावली, तर त्या पाटीखाली बसून सोडवलं. आता मी कोड्याची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवते. झेरॉक्स एक, डोकी चार, आणि सात आडव्यासाठी रोज वाद. साडेदहाला घरून भाजीचा फोन येतो तेव्हा कुठे खुर्च्या रिकाम्या होतात.

यात वाचन किती आणि बसणं किती, विचाराल तर बसणं जास्त. याची मला आधी लाज वाटायची. पुस्तकांचं देऊळ वगैरे ऐकून मी या कामाला आले होते. मग हळूहळू लक्षात आलं, की ही मंडळी बसायला येतात ती पुस्तकांमुळेच. पुस्तकं आहेत म्हणून त्यांची राखण करायला माणूस आहे, माणूस आहे म्हणून दार उघडं आहे. समाजमंदिरात राखायला काही नाही, म्हणून तिथे कुलूपच पुरतं.

आपल्याकडची वाचनालयं सरकारने काढलेली नाहीत, हेही पुष्कळांना माहीत नसतं. रत्नागिरीचं 1828चं, नाशिकचं 1840चं, पुण्याचं 1848चं. नावं तेव्हा 'नेटिव्ह लायब्ररी'सारखी साहेबी असली, तरी पुढे ती जगली ती गावाच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर. बडोद्याला सयाजीरावांनी दुसरी वाट धरली. 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा तज्ज्ञ बोलावला आणि संस्थानाच्या खर्चाने गावोगाव फुकट वाचनालयं काढली. जिथे तेही जमेना तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. कोल्हापूर संस्थानाने तर 1945 सालीच ग्रंथालयांचा कायदा केला होता, मद्रासच्याही तीन वर्षं आधी. आपल्या राज्याचा कायदा 1967चा. त्याने वाचनालयं संस्थांच्याच हाती ठेवली, अ-ब-क-ड वर्ग पाडले आणि वर्गाप्रमाणे अनुदान लावून दिलं. मद्रासने घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठी कर घेतला, तसा कर आपल्याकडे नाही.

याचा अर्थ माझ्या बाजूने असा, की मी सरकारी नोकर नाही. मी संस्थेची. अनुदान येतं दोन हप्त्यांत, आणि हप्ता येईपर्यंत किराणा दुकानातल्या वहीत माझं पान चालू असतं. 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ जाहीर झाली तेव्हा आमच्या कार्यकारी मंडळाने पेढे वाटले. वाढ दहा वर्षांनी झालीय हा हिशोब पेढा खाऊन झाल्यावर केला. माझा पगार मी इथे लिहीत नाही. लिहिला तर तुम्ही वाचनालय सोडून त्याच्यावरच बोलत बसाल.

वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. चाळीस खुर्च्या, आणि त्या सगळ्या भरतात. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. पहाटे मैदानावर धावून आलेली मुलं बुटांची माती जिन्यात सांडतात आणि रात्री नऊला मी दिवे मालवेपर्यंत हलत नाहीत. मुलीही येतात. दोन खोल्यांचं घर, एका खोलीत टीव्ही, दुसऱ्या खोलीत आजीचा खोकला, अभ्यास करणार कुठे? "वाचनालयात जाते" म्हटलं की घरचे हरकत घेत नाहीत. 'मैत्रिणीकडे' म्हटलं तर दहा प्रश्न.

ही मुलं आमची पुस्तकं वाचत नाहीत. आपापली गाईडं घेऊन येतात, प्लगजवळच्या जागेसाठी भांडतात. आमच्या एका सभेत एक ज्येष्ठ सदस्य म्हणालेच, "हे वाचक नव्हेत, भाडेकरू आहेत." मलाही तेव्हा ते पटलं होतं. इतक्या वर्षांत अभ्यासिकेतल्या मोजून तिघांनी खाली येऊन कादंबरी मागितली, त्यातल्या एकाला ती बहिणीसाठी हवी होती.

पण 2024च्या जुलैत 'लाडकी बहीण'चे अर्ज सुरू झाले. गावात एकच झुंबड. कुणाचं आधार जोडलेलं नाही, कुणाच्या रेशनकार्डावर नाव चुकलेलं, आणि अर्ज भरून देणारे एजंट तोंडाला येईल तो आकडा सांगत होते. अभ्यासिकेतल्या दोन मुलींनी मला विचारलं, "ताई, खाली शब्दकोशांच्या कपाटापाशी टेबल टाकू का?" टाकलं. दुपारी दोन ते पाच. बायका पिशवीत कागद घेऊन यायच्या, चपला बाहेर काढायच्या. नका काढू म्हटलं तरी काढायच्या. पाच वाजता पायऱ्यांवर चपलांचा ढीग, आत पोरी मोबाईलवर फोटो काढतायत, "मावशी, डोळे मिटू नका". त्या महिनाभरात जितकी माणसं आत आली तितकी आमच्या सुवर्णमहोत्सवालाही आली नव्हती. वार्षिक अहवालात हे लिहायला रकाना नव्हता. मी 'इतर उपक्रम'मध्ये एक ओळ लिहिली.

त्यातल्या नऊ जणी पुढे दिवाळी अंकांच्या योजनेत आल्या. बाकीच्या परत फिरकल्या नाहीत, हेही सांगून टाकते.

ही दिवाळी अंकांची योजना मात्र आमची खरी शान. 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला 1909 साली, म्हणजे या प्रकाराने शंभरी केव्हाच ओलांडली. एकदाच पैसे भरायचे आणि होळीपर्यंत एकामागून एक अंक बदलून न्यायचे. गुरुवारी दुपारी बायकांचा घोळका येतो. हवा तो अंक दुसरीकडे गेलेला असतो, मग "तुझा झाला की माझ्याकडे दे" अशी परस्पर देवघेव दारातच होते आणि माझं रजिस्टर बिघडतं. अंकांच्या समासात शेरे असतात, पेन्सिलीने. 'शेवट फसला.' 'हिचा नवरा आमच्या भाऊजींसारखा.' पाककृतीशेजारी, 'मीठ लिहायचं राहिलंय, घाला.' नियमाप्रमाणे मी ते खोडायला हवेत. मी खोडत नाही. कुठला अंक आधी न्यावा हे पुष्कळ जणी त्या शेऱ्यांवरूनच ठरवतात.

कोरोनात मार्च ते ऑक्टोबर वाचनालय बंद होतं. 2020च्या ऑक्टोबरात मधेच परवानगी आली तेव्हा मी उघडायला गेले, तर मास्तर पायरीवर होते, मास्क लावून. नंतर शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, बंद असतानाही ते संध्याकाळी येऊन बसायचे. पोलिसांनी दोनदा उठवलं होतं.

तर गेल्या मे महिन्यातली गोष्ट. भाचीच्या लग्नाला दोन दिवस रजा घेतली. शिपाई आजारी, तेव्हा किल्ली दिली मास्तरांकडे. कार्यकारी मंडळाला सांगितलं नाही. पंगतीत शेजारी नवऱ्यामुलाचे काका बसले होते, पुण्याचे, भलते सज्जन. मी काय करते ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवायला सुरुवात केली, "आता येतं का हो कुणी...", आणि माझा फोन वाजला.

"ताई, टाचण्यांची डबी कुठे ठेवलीय?"

"टेबलाच्या डाव्या खणात. का?"

"सापडेना म्हणून पेपर तसेच लावले सकाळी." मागून कुणीतरी सात आडव्याचं उत्तर ओरडून सांगत होतं. "पुरवणी गेली."