भावफलक: 'तूर' निवडली की पान थांबेचना

हिंगणघाटकडच्या आमच्या गावासाठी बाजारभावाचं पान करतोय, त्यातलं लिंकचं काम एकदाचं मार्गी लागलं. हवं एवढंच होतं, की पीक निवडलं की ते यूआरएलमध्ये, म्हणजे पानाच्या पत्त्यात यावं, म्हणजे कोणीही तीच लिंक व्हॉट्सॲपवर पुढे पाठवू शकेल.

आधीची रचना अशी: पान उघडलं की स्क्रिप्ट लोकेशन.सर्च, म्हणजे यूआरएलमधला प्रश्नचिन्हापासूनचा भाग तपासायची, आणि तिथे '?पीक=तूर' नसेल तर ते भरायची. सर्चमध्ये मूल्य टाकलं की ब्राउझर अख्खं पान पुन्हा आणतो, स्क्रिप्ट पहिल्यापासून चालते. अट घातलेली, त्यामुळे दुसऱ्या फेरीला थांबायला हवं. नावं रोमन लिपीत होती तोवर थांबायचंही. देवनागरी केली अन् रीलोड संपेचनात. वावरात नेटवर्कची एक काडी असते, तिथे तर डेटाची नुसती उधळपट्टी.

गोम एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये मांडायच्या पद्धतीत आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, आणि यूआरएलमध्ये प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह धरून ३ जागा घेतो. 'तूर' म्हणजे त, दीर्घ ऊकार आणि र, म्हणजे २७ जागा. 'कापूस' ४५. वरच्या पट्टीत ब्राउझर छान 'तूर' दाखवतो, पण लोकेशन.सर्च मात्र ती टक्केवाली माळच देतं. साध्या 'तूर'शी ती जुळणार कशी? जुळणी कायम फसते, म्हणून पान दर वेळी पुन्हा रीलोड.

तुलना आता ब्राउझरच्या यूआरएलसर्चपॅरॅम्समधल्या get() ने करतो, ते उलगडलेलं मूल्य देतं. पण खरा इलाज म्हणजे रीलोडच टाळणं. पान उघडताना पीक दिलेलं नसेल तर हिस्टरी.रिप्लेसस्टेट (ब्राउझरच्या इतिहासातली आहे तीच नोंद बदलतं), माणसाने स्वतः पीक बदललं तर पुशस्टेट (नवी नोंद जोडतं). दोन्हींत यूआरएल बदलतो, पान जागचं हलत नाही. पुशस्टेटने मागे जायचं बटणही नीट चालतं, मात्र त्यासाठी पॉपस्टेट, म्हणजे मागे-पुढे गेल्यावर ब्राउझर देतो तो इशारा ऐकावा लागतो. तो इशारा ऐकणाऱ्या फंक्शनमध्ये फक्त भावांचा तक्ता नव्याने दाखवायचा, तिथे पुन्हा पुशस्टेट केलं तर पुढे जायची वाट पुसली जाते. पुशस्टेट स्वतः पॉपस्टेट उठवत नाही, त्यामुळे पीक बदलल्यावर तक्ता दाखवायचं फंक्शन आपणच बोलवायचं.

यूआरएलच्या शेवटी # लावून लिहायच्या हॅशनेही भागलं असतं, तोही रीलोड करत नाही. मला तो दिसायला आवडत नाही, एवढंच.

आता शोधपेटी. तिथे प्रत्येक अक्षराला यूआरएल बदलणार नाही, टायपिंग थांबलं की एकदाच. सफारी थोड्या वेळात फार वेळा बदल झाले तर सरळ एरर फेकतो.