व्हर्च्युअलबॉक्समधला 800 बाय 600 चा पडदा मोठा केला, माझा अनुभव

आजीच्या जात्यावरच्या ओव्या टाईप करून ठेवायलोय. आजी खानापूरची, तिच्या ओव्यांत मराठीला लागूनच कन्नड शब्द येतात, म्हणून एकेक अक्षर बरोबर पडायला पाहिजे. लॅपटॉपवर विंडोज आहे, काम मात्र व्हर्च्युअलबॉक्समधल्या (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) उबंटूत करतो, म्हणजे एका लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीममध्ये. ते आभासी मशीन बेळगावच्या मावसभावाकडून पेनड्राईव्हवर आणलेलं. त्याचा पडदा 800 बाय 600 ठिपक्यांच्या पुढं जाईनाच. स्केल्ड मोड (चित्र खिडकीएवढं ताणणारा) लावला तर खिडकी भरली पण ठिपके तेवढेच राहिले, नुसते ताणले गेले, 'द्ध' कुठला आणि 'द्व' कुठला कळेना.

पहिलं व्हिडिओ मेमरी 16 वरून 128 एमबी केली. काय फरक नाही. मग हिशेब घातला, 1920 गुणिले 1080 गुणिले 4 बाईट म्हणजे साधारण 8 एमबी, एका पडद्याला 16 सुद्धा पुरतात की! अडचण मेमरीची नव्हतीच.

मावसभावाला फोन लावला. त्यानं विचारलं, "दादा, गेस्ट ॲडिशन्स घातलास काय?" म्हणजे आतल्या सिस्टीममध्ये घालायचे व्हर्च्युअलबॉक्सचे जोड-प्रोग्राम. नव्हते घातले. डिव्हायसेस मेन्यूतनं त्याची सीडी लावली, रन केली, तर जीसीसी, मेक, पर्ल ही प्रोग्राम तयार करायची साधनं नाहीत म्हणून थांबली. हे लई महत्त्वाचं आहे, ॲडिशन्सची मॉड्यूल्स (तुकडे) चालू कर्नलसाठी, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यासाठी, तिथंच तयार होतात, त्यामुळं ही तीन पॅकेजं आणि त्याच कर्नलचे लिनक्स हेडर्स (मॉड्यूल्स बनवायला लागणाऱ्या फाईली) आधी पाहिजेत. नेमकी पावसात लाईट गेली, राउटर बंद, मग मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सगळं उतरवलं आणि सीडी परत रन केली, यावेळी शेवटपर्यंत गेली.

मग आभासी मशीन बंद करून त्याच्या सेटिंगमधला ग्राफिक्स कंट्रोलर (आभासी डिस्प्ले कार्डाचा प्रकार) बघितला. जुना व्हीबॉक्सव्हीजीए होता, तो बदलून व्हीएमएसव्हीजीए केला, लिनक्सला तोच बरा. चालू केल्यावर व्ह्यू मेन्यूतला ऑटो-रिसाईझ (खिडकीप्रमाणं पडदा आपोआप लहान-मोठा करणारा), जो आधी फिक्कट होता, दाबता यायला लागला. खिडकीचा कोपरा धरून ओढला तसा आतला डेस्कटॉप मागं मागं वाढत आला, लई बरं वाटलं! उजवा कंट्रोल आणि एफ दाबलं, पूर्ण 1920 बाय 1080.

आजी शेजारी खुर्ची ओढून बसली, चष्मा लावला, दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवलं. "बाळा, हितं 'द्वारी' पायजे, तू 'द्धारी' लिवलास."