वरून येणारा आवाज

मोहर फुटायचे दिवस होते. देवगडजवळच्या एका वाडीत एका बागायतदार काकांची गाणं ऐकायची खोली बघायला गेलो होतो. जुन्या कौलारू घराला लागूनच त्यांनी स्लॅबचं नवं घर बांधलंय. स्पीकर उत्तम, खाली जाजम, भिंतींवर कुणीतरी आधीच बसवून दिलेली, आवाज शोषणारी पॅनलं. तरी काकांचं समाधान नव्हतं.

"तबलो खय वाजता ताच कळना नाय," ते म्हणाले. "ह्येच स्पीकर जुन्या घरात किती बरे वाजत."

जुन्या घराची गोडी ही आठवणींची गोडी असते, असं मी आजवर धरून चाललो होतो. त्यामुळे आधी माझ्या पद्धतीने मोजायला घेतलं. काकांच्या खुर्चीत, कानाच्या उंचीवर माइक लावला. लॅपटॉपवर आलेख उमटला: थेट आलेला आवाज, आणि त्याच्यामागे साडेपाच मिलिसेकंदांवर एक ठसठशीत सुळका. बाजूच्या भिंतींकडून फारसं काही नव्हतं. मग हा येतोय कुठून?

माइक आणि स्पीकर उचलून आम्ही जुन्या घराच्या ओटीवर नेले. अंतर तेच, ९ फूट. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे इथेही कडकच. पण सुळका गायब! मी मान वर केली. आढं चांगलं १८ फुटांवर, दोन्ही बाजूंनी उतरतं छप्पर, वासे, रिपा, कौलांमधल्या फटी. वर गेलेला आवाज उतारावरून भलतीकडे वळतो, रिपांवर विखुरतो, थोडा फटींतून बाहेरच जातो. काका बरोबर होते. मी त्यांना तसं तिथेच सांगितलं.

नव्या खोलीत छत साडेनऊ फुटांवर, सपाट आणि गुळगुळीत. स्पीकरपासून कानापर्यंत सरळ ९ फूट, छतावर आपटून सव्वापंधरा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण सव्वा फुटाच्या आतच अंतर कापतो, म्हणजे हे सव्वासहा फूट जास्तीचे झाले साडेपाच मिलिसेकंद. बाजूच्या भिंतीवरून आलेला आवाज दोन कानांना वेगवेगळा पोचतो, त्यामुळे कान तो वेगळा ओळखतो. कधीकधी त्याने खोली मोठीही वाटते. वरून आलेला मात्र दोन्ही कानांना जवळपास सारखाच पोचतो आणि मूळ आवाजात मिसळून त्याचा रंगच बदलतो. भिंतींवर एवढा खर्च करून छताकडे कुणी बघू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आवाज छतावर नेमका कुठे आपटतो ते शोधायला काकांचा मुलगा शिडीच्या घोड्यावर चढला आणि आरसा छताला सपाट टेकवून सरकवत राहिला. मी खुर्चीत बसून बघत होतो. आरशात डावा ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भोंगा, दिसला, तिथे पेन्सिलीची खूण, मग उजव्याची.

आठवड्याने फ्रेमा घेऊन परत गेलो. ४ बाय २ फुटांच्या दोन, आत २ इंची रॉकवूल म्हणजे दगडापासून केलेली लोकर, वरून मांजरपाट. कापड निवडताना ते तोंडाला लावून फुंकर मारायची. ती आरपार गेली तरच ते कापड घ्यायचं. पहिली फ्रेम स्लॅबला चिकटवून धरली आणि मोजलं. वरच्या पट्टीत फरक पडला, तबल्याच्या खालच्या अंगात नाही. कडक पृष्ठभागाला लागून हवेचे कण हलतच नाहीत, तर लोकर त्यांना अडवणार कशी? फ्रेम ४ इंच खाली सोडली, तेव्हा कुठे सुळका बसला. स्लॅबमधल्या वायरिंगच्या नळ्या कुठून गेल्यात ते वायरमनला विचारूनच भोकं पाडली. हुक स्टेनलेस स्टीलचे घेतले, कारण खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड टिकत नाही.

काकांनी अभिषेकीबुवांची रेकॉर्ड लावली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी बोट उचललं. "डग्गो हय. पेटी थय."

मृगाआधी एकदा जाऊन फ्रेमा उतरवून बघायच्या आहेत. लोकरीचं काही बिघडत नाही, पण पावसाळ्यात मांजरपाटाला बुरशी धरते.