कोरी काचपट्टी

गिम्सा नावाच्या रंगद्रव्याने रंगवलेली रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा तिच्यावर हिवतापाचा एकही परजीवी सापडेना. एका आदिवासी समाजातील वैदू हिवतापावर जी साल पिढ्यान्‌पिढ्या देत आले, तिचा अर्क आम्ही फाल्सिपेरम जातीच्या परजीवींवर तपासत होतो. (झाडाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, ते ज्ञान त्या समाजाचे आहे.) रक्तपेशीत या परजीवीचे एक चक्र सुमारे ४८ तासांत पुरे होते, आणि तेवढ्या अवधीत अर्काविना ठेवलेल्या पेशींत तो भरपूर वाढलेला असताना इथे मात्र शून्य! सिंकोनाच्या सालीतून १८२० साली हिवतापावरचे क्विनीन वेगळे करण्यात आले होते. आता आपली पाळी, असे क्षणभर वाटून गेले.

दुसऱ्यांदा नीट पाहिले, तर धड तांबड्या पेशीही फारशा उरल्या नव्हत्या. चाचणीच्या तबकातील त्या खळग्यात वरचे द्रव लालसर झालेले होते आणि पट्टी रंगवण्याच्या घाईत ते माझ्या नजरेतून सुटले होते. अर्काचे चार थेंब पाण्यात टाकून नळी हलवली, तेव्हा रिठ्यासारखा फेस आला आणि दहा मिनिटे तसाच राहिला. म्हणजे सॅपोनिन, साबणासारखा फेस आणणारे वनस्पतींतले द्रव्य! परजीवी सुटे करण्यासाठी आम्ही स्वतःच रक्तपेशी सॅपोनिनने फोडतो, तरी हे ओळखायला एवढा वेळ लागावा, याची लाज वाटली. घरच कोसळल्यावर भाडेकरू औषधाने मेला असे कोण म्हणेल? परजीवी नसलेल्या पेशींवर तोच अर्क घालून पाहिला, तर त्याही फुटल्या.

पोटातून सॅपोनिन रक्तात फारसे उतरत नाही, त्यामुळे वैदूंच्या रोग्यांना हा धोका नसावा. शिवाय ते साल पाण्यात उकळतात, आम्ही मात्र सवयीने अल्कोहोल वापरले होते. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी १९७१ साली किंगहाओ वनस्पतीचा अर्क कमी तापमानाला ईथरमध्ये काढला तेव्हा कुठे त्याचा हिवतापावरचा गुण खात्रीने दिसला, हे आम्ही विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवतो.

मग काढा करून, पेशी शाबूत राहतील इतका विरळ करून तपासला. परजीवी निम्म्याने रोखायला दर मिलिलीटरला ३८ मायक्रोग्रॅम लागले. १० च्या आत असते, तर पुढे जाण्याजोगे म्हटले असते. हे वैदूंना फोनवर सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "साल कोणत्या महिन्यात काढलेली होती?"

आमच्या नोंदवहीत तो रकानाच नव्हता.