अंधारी, नोंद चौथी: कटसीन गेला, उजेड राहिला

दौलताबाद किल्ल्यातल्या अंधारीवर, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेवर, मी गेम बनवतोय. गेल्या नोंदीत तिचा दीड मिनिटाचा कटसीन (खेळ थांबवून दाखवायचा पिक्चरसारखा तुकडा) जमल्याचं मिरवलं होतं. तो काढून टाकला. तीन आठवड्यांची मेहनत होती, जीव हळहळला.

कारण भाचा. कटसीन सुरू झाला की गडी माउस सोडून चिवड्याच्या वाटीकडे. ‘मामा, माझं खेळणं कवा हाय?’ मी आधी क्लोज-अप, मग खंदकाचा लाँग शॉट असं पिक्चरसारखं कापलं होतं. पण ज्याच्या हाती माउस, त्याची मान धरून फिरवली की तो रुसतोच.

म्हणून मित्राकडे जाऊन ‘गॉड ऑफ वॉर’ (२०१८) पुन्हा खेळलो, फक्त कॅमेऱ्यासाठी. अख्ख्या गोष्टीत एकही कट दिसत नाही. बोलणं सुरू झालं की कॅमेरा पुढे सरकतो, संपलं की नायक क्रेटोसच्या पाठीमागे येऊन थांबतो. पिक्चर कुठं संपला आणि खेळ कुठं सुरू झाला, तो सांधाच सापडत नाही. (मरायचो मात्र सारखा. मित्र हसून लोळला.)

रविवारी परत किल्ल्यावर. वटवाघळांचा तोच वास. गाईडने नेहमीचं सांगितलं: अंधारात चाचपडणाऱ्या शत्रूला एका फाट्यावर उजेड दिसायचा, सुटलो म्हणून तो तिकडे धावायचा आणि थेट खंदकात. हे मी शाळेच्या सहलीपासून ऐकतोय. डोक्यात आत्ता शिरलं.

आता अनरीलमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) तेवढंच ठेवलंय. फाट्यावर डावीकडे फिकट उजेड, उजवीकडे मिट्ट काळोख आणि पाणी ठिबकल्याचा आवाज. कॅमेरा खांद्यामागेच. बघायचं कुठं, हे कुणी सांगत नाही.

अडचण लॅपटॉपची. ल्युमेन (खेळ चालू असतानाच उजेडाचा हिशोब करणारी अनरीलची सोय) चालू केलं की सेकंदाला जेमतेम २२ फ्रेम. पिक्चर २४ फ्रेमवर सुखाने चालतो, कारण कॅमेऱ्यात हालचाल थोडी पुसट उमटते आणि आपण नुसते बघत असतो. गेममध्ये हाताला उशीर लगेच जाणवतो. मग ल्युमेन बंद, उजेड आधीच बेक करून, म्हणजे एकदाच हिशोब करून, भिंतींवर बसवला. आता ५०च्या आसपास मिळतात. भिंती जरा प्लास्टिकच्या दिसतात, तो टेक्श्चरचा (भिंतीवर चढवलेल्या पोताच्या चित्राचा) घोळ पुढच्या वेळी.

भाच्याला काही न सांगता बसवलं. सरळ उजेडाकडे गेला, पडला. पुन्हा गेला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा फाट्यावर थांबला आणि हेडफोन मागितला.