तुम्ही विचारलंत म्हणून: म्यानात ठोकलेला खंजीर

रोमविषयी बोलायला लागले की हा प्रश्न हमखास येतो: पूर्व सीमेवरचे ते मांडलिक राजे म्हणजे रोमच्या हातातली बाहुलीच ना? ब्रिटिश रेसिडेंटच्या मर्जीने चालणारे संस्थानिक आपल्या डोळ्यांसमोर असतात, तेव्हा तसं वाटणं साहजिकच. मी मग आर्मेनियाच्या तिरिदातची गोष्ट सांगते.

तिरिदात हा पार्थियाचा, म्हणजे इराणकडच्या, रोमशी टक्कर घेणाऱ्या साम्राज्याचा राजा वोलोगेसेस याचा भाऊ. दोन्ही साम्राज्यांच्या मधे असलेल्या आर्मेनियाच्या गादीवर रोमला पार्थियन नको होता आणि पार्थियाला रोमचा माणूस नको होता. रोमन सेनापती कोर्बुलोने राजधानी आर्ताक्साता जाळली. इ.स. ६२मध्ये ऱ्हांदेया इथे दुसऱ्या रोमन सेनापतीवर पार्थियनांपुढे हात टेकायची वेळ आली. शेवटी तोड निघाली: राजा पार्थियाच्या घराण्यातला, मुकुट मात्र रोमच्या हातचा. ६३मध्ये त्याच ऱ्हांदेयात तिरिदातने रोमन सम्राट नीरोच्या पुतळ्यापाशी मुकुट उतरवून ठेवला आणि तो परत घ्यायला पुढे रोमची वाट धरली.

समुद्रमार्ग त्याने टाळला, कारण पाणी विटाळणं त्याच्या धर्माला मंजूर नव्हतं. सोबत ३,००० पार्थियन स्वार, प्रवास ९ महिन्यांचा आणि रोजचे ८ लाख सेस्टर्स (रोमन नाणी) रोमच्या तिजोरीतून. बाहुलीची अशी बडदास्त कोण ठेवतं?

नेपल्सला नीरोपुढे जाताना खंजीर काढून ठेवायला सांगितलं, तेव्हा त्याने साफ नकार दिला. खिळे ठोकून तो म्यानातच पक्का केला, आणि मग गुडघे टेकून नीरोला ‘स्वामी’ म्हणाला. इथे मी दर वेळी थबकते. शस्त्र उपसता येणार नाही, पण कमरेवरून उतरणारही नाही! ६६मध्ये रोममध्ये त्याच्या डोक्यावर मुकुट चढला, आणि पुढची जवळपास ५० वर्षं आर्मेनियावरून दोन साम्राज्यांत मोठं युद्ध झालं नाही.

११४मध्ये एलेगिया इथे आर्मेनियाच्या गादीवरच्या दुसऱ्या पार्थियन राजपुत्राने, पार्थामासिरिसनेही, रोमन सम्राट ट्राजनच्या पायाशी मुकुट ठेवला. तिरिदातला मिळाला तसा आपल्यालाही परत मिळेल, या भरवशावर तो गप्प उभा राहिला. ट्राजनने मुकुट दिला नाही. आर्मेनिया आता रोमचा प्रांत आहे, असं त्याने जाहीर केलं. पार्थामासिरिसला रोमन पहाऱ्यात परत पाठवलं आणि तो वाटेतच मारला गेला. तीन वर्षांनी ट्राजन वारला. त्याच्यामागून आलेल्या हेड्रियनने तो प्रांत सोडून दिला आणि आर्मेनियात पुन्हा राजा मान्य केला.